चौकटीबाहेरचे पाणी : माहितीपट आणि आपला जलइतिहास

सावेडीतल्या भिस्तबाग चौकातून रोज हजारो माणसे जातात, पण 'भिस्त' म्हणजे काय असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. भरवसा या अर्थाची भिस्त इथे नाही. मूळ शब्द फारसी 'बिहिश्त', म्हणजे स्वर्ग. अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळ आपले नवे शहर वसवायला घेतले. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी शहराच्या उत्तरेला 'हश्त बिहिश्त', म्हणजे आठ स्वर्गांची बाग उभी राहिली. मधोमध तळे, तळ्यात महाल आणि भोवती झाडी अशी तिची रचना होती. बागेचे नाव लोकांच्या तोंडी झिजत झिजत 'भिस्तबाग' झाले.

याच बिहिश्तवरून आणखी एक शब्द आपल्याकडे आला, तो म्हणजे 'भिस्ती'. कातडी मशकीतून पाणी वाहणारा माणूस. तहानलेल्याला पाणी पाजणारा तो स्वर्गातला, अशी त्यामागची समजूत. राजाचे तळे आणि पाठीवर पाणी वाहणारा मजूर एकाच शब्दातून निघाले. तळ्यातल्या महालाविषयी ग्रंथांत वाचायला मिळते. भिस्त्यांची नावे कुठे मिळत नाहीत.

गेली काही वर्षे पाण्यावरचे माहितीपट मी जमतील तसे पाहते आहे. देशी, परदेशी, सरकारी, चळवळीतले, प्रशिक्षणासाठी केलेले, असे सगळेच. ते पाहताना मला भिस्तबागेची ही गोष्ट वारंवार आठवते. पाण्यापाशी गेलेला कॅमेरा नेमके काय टिपतो आणि त्याच्या चौकटीत काय मावत नाही, हा या लेखाचा विषय आहे. माहितीपट हे आता इतिहासाचे साधन झाले आहे. बखर वाचताना ती कुणी आणि कुणासाठी लिहिली हे आपण पाहतो. माहितीपटही तसाच वाचायला हवा.

जमिनीखालचे नगर

सुरुवात कॅमेरा नव्हता त्या काळापासून करते. नगर हे पर्जन्यछायेतले शहर. सीना नदी शहराला लागून वाहते, पण तिच्या भरवशावर राजधानी चालवावी एवढे पाणी तिला कधी नव्हते. म्हणून निजामशाहीत भोवतालच्या उंचावरच्या गावांकडून पाणी आणले गेले. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार या बाजूंनी जमिनीखालून नळ आले. हे खापरी नळ, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळ्या एकमेकींत बसवून, चुन्याने सांधून, दगडी बांधकामात झाकलेले. मधे गाळ बसण्यासाठी हौद आणि हवा कोंडू नये म्हणून उंच बांधलेले उच्छ्वास. पंप नाही, इंधन नाही, सगळे काम उताराचे. एवढ्या लांबून पाणी आपोआप यायचे तर उताराचे गणित किती काटेकोर असले पाहिजे, याचा अंदाज बांधकामातल्या कुणालाही येईल.

शहराच्या आग्नेयेला असलेला फराहबाग पाहायला आजही लोक जातात. सलाबतखानाच्या देखरेखीखाली सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण झालेला हा महालही तळ्याच्या मधोमध होता. तळे आता कोरडे आहे. कमानी पाहून आपण थक्क होतो, फोटो काढतो. पण ज्या नळाने ते तळे भरत होते, तो नळ पाहायला कुणी जात नाही, कारण तो दिसतच नाही. नव्या वसाहती वाढताना पाया खणला जातो, खापराचे तुकडे मुरमाबरोबर वर येतात आणि ट्रॉलीत भरले जातात.

पाण्याच्या इतिहासाची अडचण इथे आहे. पाणी जिथे दिसते तिथे त्याचा इतिहास बहुधा संपलेला असतो. तो घडतो नळात, उतारात, पाळीपाळीने पाणी सोडण्याच्या नियमात, कुणाला किती याच्या नोंदीत. कॅमेरा मात्र जमिनीवर उभा असतो.

टाकीवरचा आखाडा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा खेळ झाला. हिंदुस्थानातले हे पहिले चलचित्र-प्रदर्शन. त्या छोट्या फितींत रेल्वे होती, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते आणि समुद्रस्नानही होते. हलत्या चित्रांत पाणी पहिल्या दिवसापासून आहे. लाटा, कारंजी, पूर, पाऊस यांचे कॅमेऱ्याला वेड आहे, कारण पाणी स्वतःच हलते.

तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. भारतीय माणसाने केलेले हे पहिले चित्रीकरण मानले जाते. आपल्या माहितीपटांची वंशावळ तिथून सुरू होते. ही बाग कशावर आहे हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या मलबार हिलच्या जलाशयावर छत घालून, त्यावर माती पसरून १८८० च्या सुमारास ती तयार झाली. म्हणजे पहिलवान झुंजत होते ते शहराच्या पाण्याच्या टाकीवर. सावेदादांच्या कॅमेऱ्यात ते पाणी येणे शक्यच नव्हते आणि त्यांचा तो हेतूही नव्हता. तरी ही जागा मला महत्त्वाची वाटते. पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या पाण्यावरच्या कितीतरी माहितीपटांची स्थिती हीच आहे. वर खेळ दिसतो आणि पाणी खाली असते.

धरणांची आरती

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जगभर एक नवा प्रकार रुजला. त्याला मी धरणांची आरती म्हणते. डच दिग्दर्शक योरिस इव्हेन्स याने झाउडर झे या समुद्रभागाला बांध घालून जमीन कशी काढली, ते 'न्यू अर्थ' (१९३३) मध्ये दाखवले. दगड, माती, यंत्रे, घामाने निथळणारे मजूर आणि शेवटी बांध सांधला जातो तो क्षण. पाहणारा श्वास रोखून पाहतो. पण इव्हेन्स तिथे थांबला नाही. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीत गहू पिकला आणि जगात मंदी असल्याने भाव टिकवण्यासाठी धान्य नष्ट केले गेले, समुद्रात टाकले गेले, हेही त्याने त्याच चित्रपटात जोडले. भुकेले लोक एकीकडे आणि पाण्यात जाणारे धान्य दुसरीकडे. आरती चालू असताना मधेच असा प्रश्न विचारणारा माणूस विरळा.

अमेरिकेत पेअर लॉरेन्ट्झचा 'द रिव्हर' (१९३८) मिसिसिपीवर आला. जंगलतोड, वाहून गेलेली माती, महापूर आणि अखेरीस टेनेसी खोऱ्यातल्या धरणांची योजना, असा त्याचा प्रवास. तो सरकारी पैशाने काढलेला चित्रपट होता आणि उत्तर म्हणून सरकारी योजना देत होता. टेनेसीच्या धर्तीवरच आपल्याकडे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी मुंबईत फिल्म्स डिव्हिजनही सुरू झाले. धरणे आणि धरणांचे चित्रपट आपल्याकडे जवळपास एकाच मुहूर्तावर आले.

'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' ही पाटी माझ्या पिढीला पाठ आहे. मुख्य चित्रपटाआधी असे लघुपट दाखवणे थिएटरांना सक्तीचे होते. लोक तेवढ्यात शेंगदाणे घेऊन येत, हे खरे. पण ज्याने आयुष्यात धरण पाहिले नव्हते, त्याने ते तिथेच पहिल्यांदा पाहिले. भाक्रा-नानगलवर एन. एस. थापा यांनी केलेला लघुपट १९५८ चा. सांडव्यावरून कोसळणारे पाणी, हेल्मेट घातलेले अभियंते, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका आणि निवेदकाचा भारदस्त आवाज. या ठशाचे लघुपट पुढे कितीतरी निघाले.

माझ्या जिल्ह्याला धरणे नवी नव्हती. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाच्या काळापासून मोठ्या पाटबंधाऱ्यांचा विचार सुरू झाला. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये संपले. त्या पाण्याने प्रवराकाठ उसाचा झाला आणि १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे १९७० च्या दशकात राहुरी तालुक्यात मुळा धरण झाले, साठवण २६ टीएमसी.

आज सावेडीत नळाला येणारे पाणी मुळेचे. ते मुळानगरहून उपसले जाते, विळदला येते, तिथून पुन्हा चढवून वसंत टेकडीच्या टाक्यांत जाते आणि मग घरात. निजामशाहीचे पाणी उतारावरून खाली येत होते, आमचे पाणी विजेच्या जोरावर वर चढते. वीज गेली की पंप थांबतो आणि टाकी भरत नाही. धरणाच्या भिंतीचे चित्रण भरपूर आहे. विळदच्या पंपाच्या रात्रपाळीवर मात्र मी अजून एकही लघुपट पाहिलेला नाही.

बुडालेले आणि ओढणाऱ्या

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅमेरा हाताशी आला आणि चित्रपट काढायला सरकारची गरज उरली नाही. धरणाच्या भिंतीकडे रोखलेला कॅमेरा वळून मागच्या जलाशयाकडे पाहू लागला. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 'अ नर्मदा डायरी' (१९९५) हा त्यातला ठळक टप्पा. महाराष्ट्रात सरदार सरोवराचे पाणी पहिल्यांदा चढले ते अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीत. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. मोर्चे, सभा, पोलीस आणि पाणी चढत असताना घर न सोडणारी आदिवासी कुटुंबे या डायरीत आहेत. फिल्म्स डिव्हिजनच्या लघुपटांत जे 'विस्थापित' एका वाक्यात उरकले जात, त्यांना इथे नाव, चेहरा आणि भाषा मिळाली. संजय काक यांचा 'वर्ड्स ऑन वॉटर' (२००२) याच वाटेवरचा.

असे चित्रण जायकवाडीच्या वाट्याला आले असते तर आमच्या जिल्ह्याची आठवण वेगळी झाली असती. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. दोन्ही समारंभ लोकांच्या लक्षात आहेत. पण धरण मराठवाड्याचे असले तरी बुडीत शेवगाव-नेवाशाच्या गोदाकाठातही गेले. तिथल्या गावांनी जमिनी दिल्या, देवळे हलवली, घरे नव्या गावठाणात बांधली. व्हिडिओ यायच्या आधी हे सगळे घडून गेले होते. आज त्याचे पुरावे भूसंपादनाच्या कागदांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आहेत.

आता त्याच धरणासाठी दरवर्षी वेगळे चित्र दिसते. पावसाळा कमी झाला की मुळा, भंडारदरा आणि नाशिककडच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचे की नाही, यावर वाद पेटतो. वाहिन्यांचे कॅमेरे दरवाज्यांपाशी पोचतात. दार उघडते, पांढरे पाणी उसळते, इकडे घोषणा आणि तिकडे घोषणा. पण भांडणाचे मूळ एका तक्त्यात आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या कोणत्या धरणसमूहाने किती पाणी द्यायचे, हे मेंढेगिरी समितीच्या सूत्रावरून ठरते. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्या आधारे आदेश दिला. तो तक्ता पडद्यावर नीट समजावून सांगितला, तर निम्मा राग शमेल आणि उरलेला निम्मा योग्य जागी जाईल.

याच काळात दुसरी एक नजरही आली. समाजशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा भावे बायकांच्या जगण्यावर संशोधन करता करता चित्रपटाकडे वळल्या. निबंध लिहिला तर तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना वाचता येणार नाही, ही त्यांची अडचण होती. 'बाई' (१९८५) नंतर त्यांनी 'पाणी' (१९८७) हा लघुपट केला. पाणी ओढण्याचे काम कुणाचे, हा प्रश्न घेऊन पाहिले की धरणांचे सगळे लघुपट पुरुषांचे वाटू लागतात. हंडा डोक्यावर घेतलेली बाई पुढे दुष्काळाच्या प्रत्येक बातमीचे चित्र झाली. ती विहिरीवर रोज किती वेळ घालवते, या मोजणीला मात्र बातमीत जागा नसते.

जातीचेही तसेच. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले. पाणी आणि माणूस यांच्या नात्यातला एवढा मोठा क्षण आपल्या इतिहासात दुसरा नाही. तो डोळ्यांसमोर येतो तो बहुतेकांना जब्बार पटेल यांच्या कथापटातून. एकजुटीने श्रमदान करणारे गाव दाखवणाऱ्या माहितीपटाला म्हणूनच एक प्रश्न विचारायला हवा. इथली विहीर कुणाच्या वस्तीत आहे?

श्रमदान दिसते, ठराव दिसत नाही

नगर जिल्ह्याचे नाव पाण्याच्या माहितीपटांत देशभर पोचले ते राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारमुळे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणमध्ये अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. शिवाय १९९३ मध्ये नगरमध्ये सुरू झालेल्या वॉटर या पाणलोट संस्थेने, फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने, संगमनेरच्या दरेवाडीसारख्या गावांत काम उभे केले.

या गावांवरच्या चित्रपटांची बांधणी आता ठरून गेली आहे. आधी उघडे डोंगर, मग टिकाव-फावडी, मग चर आणि बंधारे, मग पहिला पाऊस, शेवटी हिरवे शेत. खोटे यात काही नाही. डोंगरावरचे समपातळी चर ड्रोनमधून पाहिले की हातावरच्या रेषांसारखे सुंदर दिसतात. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत गेली. गावकऱ्यांना शिकवण्यासाठी त्यांनी चित्रफितींचा मोठा वापर केला आणि 'तुफान आलंया'मधून हे काम घराघरांत दिसले. पाण्यावरचा चित्रपट पाहून माणसे उठली आणि चर खणायला गेली, हे त्या माध्यमाचे मोठेच यश.

पण पाणी अडवणे ही अर्धी गोष्ट. आपला दख्खनचा काळा पाषाण पाणी साठवतो ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. ते भांडे लहान आहे. चर खणून ते भरले आणि शेजाऱ्याने खोल बोअर मारून उपसले, तर श्रमदान त्याच्या उसाला गेले. हिवरे बाजारचे वेगळेपण इथे आहे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही, मोकाट चराई नाही, असे नियम गावाने केले. पावसाळा संपला की पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल हे मांडून रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरते. या पाण्याच्या ताळेबंदात नाट्य नाही. एक फळा, काही आकडे, सतरंजीवर बसलेली माणसे आणि दोन तासांची वादावादी. बहुतेक माहितीपट हा भाग अर्ध्या मिनिटात उरकतात आणि हिरव्या शेताकडे जातात.

किंमतही अशीच उरकली जाते. चराईबंदीने डोंगर हिरवा झाला, पण पहिली झळ शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनांना बसली. दरेवाडीसह अनेक पाणलोटांच्या अभ्यासांत हा प्रश्न आलेला आहे. ज्याला जमीन नाही, त्याला वाढलेल्या भूजलाचा वाटा कसा मिळणार?

आणि काही वेळा कॅमेरा नकळत उलटेच सांगतो. गेल्या काही वर्षांत ड्रोनच्या दृश्यांत निळी चमकणारी शेततळी दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, दुष्काळ हटला. पण प्लास्टिक अंथरलेली कितीतरी शेततळी पावसाने भरलेली नसतात. बोअरचे पाणी उपसून त्यांत साठवलेले असते आणि ते उन्हात वाफ होऊन जाते. जमिनीखाली झाकून ठेवलेले पाणी आपण उघड्यावर आणून सुकवतो आणि वरून त्याचे सुंदर चित्र काढतो. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालणारा राज्याचा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. बोअरच्या गाड्या मात्र रात्रीही फिरताना दिसतात.

आपल्याला हवा असलेला चित्रपट

जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचे नाव आहे. त्यांचा जन्म इथल्याच चौंडीचा. देशभर बारवा, विहिरी आणि घाट बांधणारी बाई म्हणून त्या लोकांच्या आठवणीत आहेत. बारवेची पायरी छायाचित्रात छान येते, पण ती टिकते ती दरवर्षी गाळ काढण्याची जबाबदारी कुणावर तरी असते म्हणून. बांधकामाबरोबर ही व्यवस्थाही चित्रात यायला हवी.

म्हणून पाण्यावरच्या माहितीपटांविषयी माझे मागणे साधे आहे. जुने जपा. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. संस्था, शाळा आणि कार्यकर्त्यांच्या कपाटांतल्या व्हिडिओ कॅसेटना बुरशी लागते आहे. त्यांत त्या त्या गावच्या विहिरींची पातळी, पिके, झाडे आणि माणसे आहेत. पन्नास वर्षांनी ती गॅझेटियरइतकीच मोलाची ठरतील. आणि नवे काढाल तेव्हा कॅमेरा थोडा वेळ कंटाळवाण्या जागी ठेवा. पंपघरात, पाटकऱ्याच्या वहीवर, मोजणीच्या विहिरीवर, ग्रामसभेत.

हिवरे बाजार सावेडीहून फार लांब नाही. ते गाव आपल्या पाण्याचा हिशेब दरवर्षी सर्वांसमोर मांडते. मुळेचे पाणी दोनदा चढवून पिणाऱ्या आमच्या उपनगरात तसा हिशेब कधी मांडला गेलेला मी ऐकलेला नाही. वरून बोअरही आहेतच, जवळपास प्रत्येक इमारतीखाली एक. एखाद्या तरुण दिग्दर्शकाने तो हिशेब मांडायचा ठरवला, तर सुरुवात भिस्तबाग चौकातूनच करता येईल. तिथल्या कुठल्याही घरात जाऊन नळ दाखवायचा आणि विचारायचे, हे पाणी कुठून येते? उत्तर येईपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही.